पंपघराची किल्ली

सुलभाताई देवस्थळी लग्न होऊन मिरजेहून लखनौला आल्या, तेव्हा आपल्याला हिंदी येतं असं त्यांना वाटत होतं. रेडिओवरची निम्मी गाणी पाठ होती, मग अडचण कसली? पण अनघा वर्षाची झाली आणि आलमबागच्या रेल्वे क्वार्टरमधल्या शेजारीणबाईंनी तिचे गाल कुरवाळत विचारलं, "इसकी शिक्षा का क्या सोचा है आपने?" सुलभाताईंनी लेकीला चटकन पदराआड घेतलं. एवढ्याशा जिवाने यांचं काय घोडं मारलं होतं? संध्याकाळी विश्वासराव घरी आले आणि सगळं ऐकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "अगं, शिक्षणाला म्हणतात ते इथे. पोरीला कोणी फटके देणार नाहीये!"

त्याला आता चाळीसेक वर्षं झाली. विश्वासराव रेल्वेचे पूल तपासता तपासता निवृत्त झाले, अनघा पुण्याला नोकरीला गेली आणि फोनवर आईच्या मराठीला हिंदीत उत्तरं देऊ लागली. दोघा म्हाताऱ्यांनी आलमबागेतच एका सोसायटीत तळमजल्यावर घर घेतलं. सुलभाताईंची हिंदी इतकी घोटून झाली की भाजीवाल्या भैयाला त्या कानपूरच्या वाटत. फक्त घाबरल्या की आतून मराठी वर यायची. हिंदी शब्दालाही मग मराठीचा अर्थ चिकटून यायचा, आणि ते त्यांना उशिरा कळायचं.

देवाचं त्यांचं असंच काहीसं होतं. सकाळी आंघोळ झाली की त्या दिवा लावत. हात जोडत. पण कोणापुढे, हे त्यांना कधीच नीट सांगता आलं नाही. सासूबाईंचा देव रागीट होता, सोवळ्यात चूक झाली की घरावर आजारपण धाडणारा. विश्वासरावांच्या लेखी देवच नव्हता. पूल उभा राहतो तो हिशेबावर, आणि पडतो तोही हिशेबावरच, असं ते म्हणत. सुलभाताईंना दोन्ही पटत नसे. काहीतरी असावं असं त्यांना वाटे, आणि नसलं तर, असंही वाटे, आणि दिवा लावताना या दोन वाटण्यांच्या मधोमध त्या उभ्या राहत.

"मीटर कुठे आहे ठाऊक नाही आणि वीजबिल मात्र रोज भरतेस," विश्वासराव चिडवत.

"वीज गेली की तुम्हीच पहिले ओरडता," त्या म्हणत.

वरच्या मजल्यावरच्या सतीश बाजपेईंना यांचं आडनाव फार आवडे. "देवस्थली! आपके तो नाम में ही देव का स्थल है, आंटी जी." बाजपेई सोसायटीचे सचिव होते. माणूस कामाचा. कोणाला रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचं असलं तर गाडी काढणारा, शनिवारी कुत्र्यांना पोळ्या घालणारा. विश्वासरावांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा रक्त द्यायला तोच आला होता. हे सुलभाताई विसरल्या नव्हत्या. विसरल्या असत्या तर पुढचं सगळं सोपं गेलं असतं.

त्या वर्षी माकडांनी उच्छाद मांडला होता. गच्चीवरच्या टाक्यांची झाकणं काढून ती आत डुंबत, वाळत घातलेले कपडे फाडत, केबल तोडत. एका बाईंच्या अंगावर माकड आलं आणि त्या जिन्यावरून पडल्या, खुबा मोडला. मारायचा प्रश्नच नव्हता, हनुमानाची जात. मग सोसायटीने जुन्या लखनौतल्या चौक भागातून शब्बीरला बोलावलं. माकडं लंगुराला भितात, म्हणून पूर्वी त्याचे वडील खरं लंगूर दोरीला बांधून आणत. त्यावर बंदी आली तेव्हापासून शब्बीर लंगुराचा नुसता आवाज काढी. सडपातळ, पन्नाशीचा, खांद्याला कापडी पिशवी. गच्चीवर उभा राहून घशातून असा काही खोल खाकरा काढी की माकडंच काय, खाली माणसंही दचकत.

माकडं घाबरली. काही दिवसांनी सोंग ओळखून चुकली. मग सोसायटीच्या बैठकीत बाजपेई वैतागून शब्बीरला म्हणाले, "कुछ भी करो भाई, बस ये यहाँ से जाएँ." सुलभाताई तिथेच बसल्या होत्या. चहा प्यायल्या. सगळ्यांसारखी त्यांनीही मान हलवली.

जेठातल्या, म्हणजे ज्येष्ठातल्या, मंगळवारी लखनौत घरोघर, नाक्यानाक्यावर मांडव पडतात. बडा मंगल. येईल त्याला पुरी-भाजी, बुंदी, सरबत. कोणी कोणाला नाव विचारत नाही, जात विचारत नाही. सोसायटीच्या फाटकाशीही कढई चढली होती. सकाळी आठलाच ऊन पांढरं पडलं होतं आणि भाजणाऱ्या वाऱ्याची लू सुरू झाली होती. अशात कोणीतरी गच्चीवरून ओरडलं.

टाकीच्या सावलीत माकडं मरून पडली होती. एक मादी होती, तिच्या पोटाला बिलगलेलं पिल्लू. तोंडाला फेस.

सुलभाताईंनी ती खाली आणताना पाहिली. चादरीत, चार कोपरे धरून. मंडपातलं ध्वनिक्षेपकावरचं भजन कोणीतरी बंद केलं, आणि बंद झालेल्या त्या आवाजाच्या जागी कढईतल्या तेलाची चरचर तेवढी ऐकू येत राहिली.

थोड्या वेळाने बाजपेई दारात आले. घामाने सदरा पाठीला चिकटलेला. "आंटी जी, पंप-रूम का ताला देंगी ज़रा?"

पंपघर देवस्थळींच्या स्वयंपाकघराला लागूनच होतं. मोटर लावणं-बंद करणं सुलभाताईंकडे, म्हणून कुलूप-किल्लीही त्यांच्याकडे. माकडं आत शिरू नयेत म्हणून मागत असतील, असं समजून त्यांनी किल्लीसकट कुलूप दिलं. हात पिठाचे होते, जास्त विचारलं नाही. बाजपेई परत आले आणि किल्ली त्यांच्या ओट्यावर ठेवली. "आप ही रखिए. आपके पास सेफ है. इन बेचारों का क्रिया-कर्म कर आएँ, फिर देखते हैं उसको."

"उसको? किसको?"

"शब्बीर को. काम पर आया था, झोले में ज़हर निकला है."

ते गेले. सुलभाताई तशाच उभ्या राहिल्या. भिंतीच्या पलीकडे, त्यांनी दिलेल्या कुलपामागे, एक माणूस होता.

"अहो," त्यांनी हाक मारली. आवाज त्यांचा त्यांनाच पातळ वाटला.

विश्वासरावांनी लगेच पोलीस ठाण्यात फोन लावला. पलीकडचा माणूस सौजन्याने बोलला. सगळी माणसं मांडवांच्या बंदोबस्तावर होती. गाडी मिळाली की पाठवतो म्हणाला. विश्वासरावांनी पत्ता दोनदा सांगितला. फोन ठेवून ते म्हणाले, "येतील की नाही, सांगता येत नाही."

खिडकीतून मिरवणूक दिसत होती. माकडांवर भगवं वस्त्र, झेंडूच्या माळा, रामनाम. पुढे चाललेली माणसं रडत होती, खोटं नव्हतं त्यात काही. मागची पोरं मात्र रडत नव्हती. ती पंपघराकडे वळून वळून बघत होती, आणि सोसायटीत कधीही न दिसलेले काही चेहरे त्यांच्यात होते.

अनघाचा फोन आला. बातमी ग्रुपवरून पुण्यापर्यंत पोचली होती. "आई, तुम इसमें मत पड़ना, प्लीज़. दरवाज़ा बंद करके बैठो."

"किल्ली माझ्याकडे आहे गं."

"तो दे दो ना उन्हें! चाबी ही तो है."

सुलभाताईंनी फोन ठेवला. तांब्या भरला आणि पंपघराच्या मागच्या गजांच्या खिडकीशी गेल्या. आत अंधार, ओल, मोटरचा गरम वास. शब्बीर पाइपावर बसला होता. एक डोळा सुजून मिटलेला.

"अम्मा जी," तो म्हणाला, आणि गजांशी ओंजळ पुढे केली. त्यांनी वरून धार धरली. तो बराच वेळ प्यायला.

"ज़हर तुम्हारा था?"

"चूहे की दवा है. घर के लिए ली थी. चौक में बहुत चूहे हैं अम्मा, चिकन की कढ़ाई वाले थान कुतर जाते हैं."

"सच बताओ."

त्याने उघड्या डोळ्याने त्यांच्याकडे पाहिलं. "मैं कहूँ कि नहीं दी, तो आप मान लेंगी?"

सुलभाताईंना हो म्हणायचं होतं. पण बैठकीतलं ते वाक्य त्यांना आठवत होतं, कुछ भी करो भाई, आणि त्यावर हललेल्या सगळ्या माना. जेरीला आलेला माणूस काय करील? शिवाय गच्चीवर परवाच रंगकाम झालं होतं, रंगाचे डबे उघडे पडले होते, माकडं ते पाणी प्यायली असतील. किंवा खुबा मोडलेल्या बाईंचा मुलगा. किंवा कोणीही.

"पता नहीं," त्या म्हणाल्या.

शब्बीरने मान हलवली, जणू एवढ्या खऱ्या उत्तराची त्याने अपेक्षाच केली नव्हती. "ऊपरवाला जानता है," तो म्हणाला.

*तो जाणतो, पण सांगत नाही,* सुलभाताईंच्या मनात आलं. *ऐन वेळी नेमका गप्प बसतो.*

माणसं परत आली ती घोषणा देत नव्हती. याचीच त्यांना जास्त भीती वाटली. पायातल्या चपलांचा आवाज, आणि मध्येच एखादा खोकला. फाटकाशी जेवणाऱ्यांची रांग लागली होती, रिक्षावाले, हमाल, पोरंबाळं घेतलेल्या बाया, हातात पानाचे द्रोण. वाढणारे हात मात्र थांबले होते, कारण वाढणारे सगळे इकडे आले होते.

सुलभाताई पंपघराच्या दारासमोर जाऊन उभ्या राहिल्या. किल्ली पदराच्या गाठीत होती.

"चाबी दीजिए, आंटी जी," बाजपेई म्हणाले. आवाज मऊच होता. "आप अंदर जाइए. आपके देखने की चीज़ नहीं है."

"क्या करोगे उसका?"

"वो हम पर छोड़िए."

मागून कोणीतरी म्हणालं, "आरती उतारेंगे!" दोघे-तिघे हसले. त्या हसण्याने सुलभाताई घाबरल्या, आणि घाबरल्यावर जे व्हायचं तेच झालं. आतली मराठी वर आली आणि हिंदी कपडे घालून तोंडातून बाहेर पडली.

"मारो मत उसको. शिक्षा देना भगवान का काम है, हमारा नहीं!"

क्षणभर सगळे गोंधळले. मग बाजपेईंच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू उमटलं. थट्टेचं नव्हतं ते, समाधानाचं होतं.

"वही तो, आंटी जी. भगवान ही शिक्षा देते हैं. हम तो बस उनके हाथ हैं. आज ऐसी शिक्षा देंगे कि ज़िंदगी भर याद रखेगा."

सुलभाताईंना आपली चूक कळली. त्या म्हणाल्या होत्या दंड. बाजपेईंनी ऐकला होता धडा. पण सवयीप्रमाणे ती निस्तरायला तोंड उघडलं आणि त्या थबकल्या. निस्तरणार काय? 'सज़ा' म्हटलं असतं तरी बाजपेईंनी तसंच हसून मान डोलावली असती. शब्द चुकला होताच, पण त्या शब्दाखालचा देवही त्यांनी उसना आणला होता. सासूबाईंचा तो रागीट देव, ज्याच्यावर त्यांचा कधी विश्वास बसला नाही, तो त्यांनी या माणसाला वाचवायला पुढे केला, आणि समोरच्यांनी तो आनंदाने ओळखला. त्यांचा तर तो रोजचाच होता. एकदा तसा देव आहे म्हटलं की त्याला हात लागणारच, आणि हात इथे पुष्कळ होते.

"नहीं," त्या म्हणाल्या. "मैंने ग़लत बोला."

"क्या ग़लत?"

"भगवान का काम क्या है, मुझे नहीं मालूम."

लू अंगावरून गेली, मंडपाचं कापड फडफडलं.

"मैं रोज़ दीया लगाती हूँ," त्या म्हणाल्या. हिंदीत दिवा लावत नाहीत, जलवतात, हे त्यांना ठाऊक होतं, पण आता त्या थांबल्या नाहीत. "चालीस साल से लगाती हूँ. वो है कि नहीं, मुझे नहीं पता. है तो उसको क्या चाहिए, ये भी नहीं पता. ये आदमी सच बोल रहा है कि झूठ, मुझे वो भी नहीं पता. सतीश जी, आपको पता है? पक्का?"

"आप भगवान को नहीं मानतीं?" मागच्या अनोळखी चेहऱ्यांपैकी एकाने विचारलं. फार हळू विचारलं.

"मैं तो बिलकुल नहीं मानता!" डावीकडून आवाज आला. विश्वासराव काठी टेकत, धापा टाकत पोचले होते, एका हाताने प्लास्टिकची खुर्ची फरपटत. "मुझसे पूछो, उसको क्या पूछते हो!"

"तुम्ही गप्प बसा हो," सुलभाताई मराठीत ओरडल्या.

"बसतोच आहे," ते म्हणाले, आणि पंपघराच्या दाराला खुर्चीची पाठ लावून खरंच बसले.

एकजण हसला, बाकीचे हसले नाहीत. बाजपेई एक पाऊल पुढे आले. त्यांच्या कपाळावरचा शेंदूर घामाने ओघळून भुवईत उतरला होता. "अंकल, आपको खून दिया है मैंने," ते म्हणाले. "मेरा हाथ मत उठवाइए."

"माहीत आहे मला, बाबा," विश्वासराव मराठीतच म्हणाले. "म्हणून तर बसलोय."

ते बाजपेईंना कळलं की नाही, कोण जाणे. तेवढ्यात फाटकाकडून मनीषा बाजपेई आली. हातात झारा, चेहरा तेलाच्या वाफेने लाल. तिने पंपघराकडे पाहिलंही नाही. नवऱ्याला म्हणाली, "सौ लोग खड़े हैं धूप में. पूड़ी कौन परोसेगा? मैं अकेली?"

"अभी आते हैं."

"अभी नहीं. तेल जल रहा है."

बाजपेईंनी मान वळवली. बायकोकडे, कढईकडे, रांगेकडे. रांगेतली सगळी माणसं आता इकडेच बघत होती, रिकामे द्रोण हातात धरून. ती नजर क्षणाचीच होती, पण दाराकडे नव्हती. सुलभाताईंनी पदराची गाठ सोडली. किल्ली कुलपात दोनदा हुकली. विश्वासरावांनी बसल्या बसल्याच खुर्ची सरकवली. दार उघडलं. आतल्या अंधारात हात घालून सुलभाताईंनी शब्बीरचं मनगट धरलं. ते थंड आणि ओलं होतं.

"चलो. मेरे साथ चलो. भागना मत."

पळालेल्यावर धावून जाणं सोपं असतं, एवढं त्यांना कळत होतं. त्या चालू लागल्या, भाजी आणायला निघाल्यासारख्या. माणसं बाजूला झाली नाहीत. त्या आणि शब्बीर त्यांच्या मधून अंग चोरून गेले. एवढ्या जवळून की प्रत्येकाचा श्वास लागत होता. मागून थप्पड बसली. तिचा आवाज सुलभाताईंच्या कानाशीच झाला, शब्बीर अडखळला, मनगट सुटलं, त्यांनी पुन्हा धरलं. कोणीतरी थुंकलं. ते त्यांच्या खांद्यावर पडलं, त्यांनी पुसलं नाही. पुसायला हात सोडावा लागला असता.

मग त्या रांगेत शिरल्या. रांगेने त्यांना वाट दिली आणि पुन्हा मिटली. बास, एवढंच. एका बाईने शब्बीरच्या सुजलेल्या डोळ्याकडे पाहिलं आणि आपल्या पोराचं तोंड पोटाशी दाबलं.

रस्त्यावर चारबागकडे जाणारी ऑटो मिळाली. शब्बीर आत कोपऱ्यात अंग मुडपून बसला. ऑटोवाला आरशातून बघत होता, त्याला निघायची घाई झाली होती.

"अम्मा जी," शब्बीर म्हणाला. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. "वो दवा जो थी..."

त्याच्या चेहऱ्यावर काय होतं, ते सुलभाताईंना वाचता येईना. कबुली असेल. शपथ असेल. यातलं एक ऐकलं तर आजचं करणं शहाणपणाचं ठरलं असतं, दुसरं ऐकलं तर मूर्खपणाचं. आणि दोन्हीपैकी काहीही ठरण्याआधीच त्या त्याचं मनगट धरून चालल्या होत्या.

"नको," त्या मराठीत म्हणाल्या, आणि तळहात वर केला.

त्याला शब्द कळला नसेल, हात कळला. त्याने मान खाली घातली. ऑटो निघाली आणि गर्दीत दिसेनाशी झाली.

पाठीमागे भजन पुन्हा सुरू झालं होतं, आधीपेक्षा मोठ्याने. सुलभाताई वळल्या. फाटकात बाजपेई उभे होते. हातात पुऱ्यांची टोपली होती पण ते वाढत नव्हते, त्यांच्याकडे बघत होते. त्यांच्या मागे ते अनोळखी चेहरे, कोणी गेलं नव्हतं. त्यांच्याही मागे, रिकाम्या पंपघराच्या उघड्या दारासमोर, भर उन्हात प्लास्टिकच्या खुर्चीवर विश्वासराव एकटे बसले होते. त्यांना आधाराशिवाय उठता येत नसे.

घरी जायला दुसरा रस्ता नव्हता. सुलभाताईंनी खांद्यावरचं पदराने पुसलं आणि त्या फाटकाकडे चालू लागल्या.